नवसाबाईंची मागची खोली

नवसाबाईंना नाही म्हणता येत नसे. बाकी बाई खमकी होती. भाजीवालीशी भाव करून वर मूठभर कोथिंबीर काढून घेईल, नळावर कुणी पुढे घुसली तर तिची कळशी उचलून मागे ठेवेल. पण कुणी जरा गोड बोलून काही मागितलं की बाईंचं संपलं. त्यांची निम्मी भांडी आम्हा शेजारणींकडे नांदत. घरी पाहुणे आले की त्या माझ्या दारात यायच्या आणि स्वतःचीच परात माझ्याकडे उसनी मागायच्या. मीही लगेच देत नसे, कधी परत कराल ते आधी विचारून घेई.

आमची गल्ली नाशिकरोडला, जेल रोडच्या आतल्या बाजूला. नवसाबाईंचे यजमान जयरामभाऊ नोटांच्या प्रेसमध्ये होते. नोकरीत असतानाच त्यांनी प्लॉट घेऊन घर बांधलं. पुढे ओसरी, मग तीन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे पेरूचं झाड असलेली मोकळी जागा. एक्याऐंशी साली भाऊ गेले. मुलगा एकच, गोरक्ष, पिंपरीला कारखान्यात. पोरगा वाईट नाही, हे आधीच सांगते. पण त्याला प्रत्येक गोष्टीचा निकाल लावायची भारी घाई. वडिलांचं वर्षश्राद्ध झालं आणि त्याने ठरवूनच टाकलं, की घर विकायचं आणि आईने पिंपरीला यायचं.

नवसाबाई त्याआधी एकदा पिंपरीला राहून आल्या होत्या. सून चांगली, नातवंडं गोड, जेवण वेळेवर. फक्त बाईंना बसायला जागा नव्हती. खुर्चीत बसावं तर नातवाचा अभ्यास, दारात बसावं तर जाणाऱ्या-येणाऱ्याला अडचण, आणि रात्री फ्रिज आणि चपलांच्या मधे अंथरूण. ठरल्यापेक्षा आधीच बाई परत आल्या.

"सिंधू, दिवसभर एकच ऐकते बघ," त्या मला म्हणाल्या. "आई, जरा सरका. सरकून सरकून मी नाशिकला आले."

मी पोट धरून हसले. त्या हसल्या नाहीत, तेव्हा मला कळलं की हे साधं नाही.

गोरक्षचं म्हणणंही अगदीच खोटं नव्हतं. भाऊंच्या पेन्शनीतून बाईंच्या वाट्याला जे येत होतं त्यात किराणा आणि औषधं भागत, पण घरपट्टी आणि गळकं छप्पर कुठून भागणार? तेव्हा बाईंनी जाहीर केलं की मागच्या जागेत एक खोली बांधते आणि भाड्याने देते. त्यात नवल काही नव्हतं. त्या काळी आमच्या भागात ज्याच्या घरामागे चार हात जागा तो खोली काढत होता. सातपूरचे कारखाने जोरात होते, भाडेकरू दारात यायचे. गोरक्षने कपाळाला हात लावला आणि मुदत दिली. दिवाळीला मी येतो, तोवर खोलीत भाडेकरू दिसला तर खुशाल इथे राहा, नाहीतर घराला गिऱ्हाईक तयार आहे, म्हणाला.

बाई कर्ज मागायला बँकेत गेल्या, सोबत मी. साहेबांनी विचारलं, फेडणार कोण? बाई म्हणाल्या, भाडेकरू. कोण भाडेकरू? तो अजून यायचाय. मग खोली कुठाय? तीही अजून व्हायचीय. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि आम्हाला पाणी प्यायला दिलं. बाई बाहेर येऊन म्हणाल्या, माणूस चांगला आहे. कर्ज मात्र मिळालं नाही.

मग त्यांनी सोन्याच्या पाटल्या पतसंस्थेत गहाण टाकल्या. निफाडहून त्यांच्या भावाने, सावळीरामने, ट्रॅक्टरभर विटा पाठवल्या आणि वर गोठ्याचं जुनं दार ठेवून दिलं. सागवानी, दोन फळ्यांचं, जुंपलेली बैलजोडी तशीच आत जाईल एवढं. फुकटचं दार नाकारायचं कसं? ते लावायचं ठरलं. एवढं होऊनही स्लॅबचे पैसे कमी पडले आणि बाई आमच्या भिशीत येऊन उभ्या राहिल्या.

आमची भिशी म्हणजे गल्लीतल्या बायकांची. दर महिन्याला प्रत्येकीने ठरलेली रक्कम टाकायची, सुमनबाईंच्या डब्यातून चिठ्ठी काढायची, जिचं नाव निघेल तिला तो गल्ला. चिठ्ठीशिवाय कुणाला द्यायचा तर सगळ्यांचा होकार लागायचा. बाई म्हणाल्या, पुढचे काही महिने गल्ला मला द्या, मग माझे हप्ते भाड्यातून येतच राहतील. सगळ्या आपापला हिशेब करू लागल्या. चांगुणाला शिलाई मशीन घ्यायचं होतं, लंकाबाईंना नणंदेचं बाळंतपण काढायचं होतं. शेवटी शाळामास्तरांच्या आक्काबाई हळूच म्हणाल्या, आमचे पैसे जाणार, तर त्या खोलीत एक गोष्ट माझ्या मनासारखी करा. नवसाबाईंनी लगेच हो म्हटलं. नाही म्हणता येत होतं कुठे? मग काय, सगळ्याजणी जाग्या झाल्या आणि प्रत्येकीची एक गोष्ट कबूल झाली.

आक्काबाई उंचीने अगदीच बेताच्या. त्यांच्या घरचा स्वयंपाकाचा ओटा त्यांच्या ताडमाड सासूच्या मापाने केलेला, त्यामुळे आक्काबाई जन्मभर पाटावर चढून पोळ्या लाटत आलेल्या. त्यांना आपल्या मापाचा ओटा हवा होता. चांगुणाच्या घराला खिडकी एकच आणि तिच्यातून दिसते जेलची भिंत. कैद्यांना निदान भिंतीची दुसरी बाजू तरी दिसते, मला तेवढंही नाही, असं ती म्हणायची. तिला घराच्या कडेने गल्ली दिसेल अशी मोठी खिडकी हवी होती. सुमनबाईंना भिंतीत कुलपाचं कपाट हवं होतं आणि किल्ली स्वतःकडे. खोली दुसऱ्याची, भाडेकरू तिसरा, किल्ली हिच्याकडे! पण त्यावर कुणी हरकत घेतली नाही, कारण हरकत घेतली असती तर आपली मागणीही गेली असती.

मी झोपाळा मागितला. हसायचं काही कारण नाही. माहेरी होता, सासरी नव्हता, एवढंच.

लंकाबाई सगळ्यांत शेवटी बोलल्या. त्यांच्या घरी माणसंच माणसं. दार लोटलं की कुणीतरी ढकलून विचारणार, काय झालं? त्यांनी नवसाबाईंकडे जाऊन ते गोठ्याचं दार पाहिलं तर त्याला कडी फक्त बाहेरून. बरोबरच आहे, बैल कुठे आतून कडी लावतो? लंकाबाईंनी रविवार कारंज्याच्या बाजारातून पितळेची जाडजूड कडी आणली आणि म्हणाल्या, आतून लावायची.

गवंडी पुंजा मिस्त्री. त्याची एक रीत होती. मालक कोण हे तो विचारत नसे, जी चहा आणेल ती मालकीण. आणि चहाच्या पाळ्या आम्ही भिशीवाल्यांनी वाटून घेतल्या होत्या, नवसाबाईंना तेवढाच आराम म्हणून. आक्काबाईंच्या पाळीला ओटा झाला, तो आमच्या सगळ्यांच्या गुडघ्याला लागायचा. चांगुणाच्या पाळीला खिडकी आधी होती त्याच्या दुप्पट झाली. दुसऱ्या दिवशी सुमनबाईंनी चहाबरोबर भजी नेली आणि कपाटासाठी त्यातली थोडी खिडकी परत बुजवून घेतली. स्लॅब पडायच्या दिवशी चहा माझा होता. मी स्वतः उभी राहून झोपाळ्याचे हूक टाकून घेतले, बरोबर मध्यभागी. नवसाबाई पेरूखाली बसून सगळ्यांना म्हणत होत्या, करा, करा, तुमचंच हाय.

खोली झाली, चुना लागला, भाडेकरू यायला लागले. पहिला आला सातपूरच्या वर्कशॉपमधला सडाफटिंग मुलगा, चांगला उंच. आत शिरताच त्याचं डोकं झोपाळ्याच्या साखळीला आपटलं, आणि ते चोळत खाली बसावं म्हणून तो बसला तो थेट ओट्यावर. त्याला तो बाकच वाटला. दुसरं आलं नवं जोडपं. बायकोला खोली आवडली. पण त्या वेळी आम्ही तिघी झोपाळ्यावर होतो आणि आक्काबाई ओट्यावर भाकरी थापून बघत होत्या. नवऱ्याने दबक्या आवाजात विचारलं की या बायका खोलीबरोबरच आहेत का? नवसाबाईंना खोटं बोलायची सवय नाही. व्हय, म्हणाल्या. ते जोडपं गेलं. तिसरे गृहस्थ कपाट उघडायला गेले. किल्ली मागितली तर सुमनबाईंनी त्यांनाच गाव, गोत्र, पगार सगळं विचारलं आणि वर किल्ली दिली नाहीच. त्या कपाटात काय आहे ते आजतागायत कुणाला माहीत नाही.

आमची चूक? अजिबात नाही. लोकांनाच नखरे फार.

पण दिवाळी जवळ आली आणि खोली रिकामीच. गोरक्षचं पत्र आलं, गिऱ्हाईक घेऊनच येतो म्हणून. घर गेलं तर बाई जाणार, फ्रिज आणि चपलांच्या मधे. आमच्या हौसेपायी हे व्हायचं होतं की काय? आम्ही सगळ्या जमलो आणि मी म्हटलं की झोपाळा काढते, खिडकी लहान करू, ओटा वाढवू. लंकाबाईसुद्धा कडी काढायला तयार झाल्या. नवसाबाई म्हणाल्या, राहू द्या. खोलीत ओल होती म्हणून त्या रोज रात्री शेगडी पेटवून तिथेच झोपत होत्या, एवढं मला माहीत होतं. ओल कधीच वाळली होती आणि बाई तरी तिथेच झोपत होत्या, हे मात्र माझ्या लक्षात आलं नव्हतं.

धनत्रयोदशीला गोरक्ष आला. बरोबर लासलगावचे एक कांद्याचे व्यापारी, भिकाशेठ. त्यांना मुलांच्या शाळेसाठी नाशिकला बिऱ्हाड करायचं होतं. त्यांनी पुढचं घर पाहिलं, पसंत केलं, मग सगळे मागे आले. आम्ही नेहमीप्रमाणे आत होतोच. गोरक्षने ते बैलाचं दार पाहिलं, गुडघ्याएवढा ओटा पाहिला, खोलीभर झोपाळा पाहिला आणि तो खो खो हसायला लागला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण घर त्यांचं, मी कोण बोलणार?

"आई, हे काय बांधून ठेवलंस?" तो म्हणाला. "यात राहणार कोण? चल, उद्या सही करून टाक."

"नाय," नवसाबाई म्हणाल्या.

आम्ही एकमेकींकडे बघितलं. बाईंच्या तोंडून हा शब्द गल्लीने पहिल्यांदा ऐकला. बहुतेक त्यांनीही पहिल्यांदाच ऐकला असावा, कारण त्या क्षणभर थांबल्या आणि चव घेतल्यासारखा पुन्हा म्हणाल्या.

"नाय. हितं मी राहीन. शेठजींना पुढचं घर भाड्यानं दे."

गोरक्ष आईकडे आणि शेठजींकडे आळीपाळीने बघू लागला. भिकाशेठ मात्र व्यापारी माणूस, त्यांचा हिशेब आधीच झाला होता. मुलांची शाळा होईपर्यंतच तर जागा हवी, ते म्हणाले, विकत घेऊन पैसे अडकवण्यापेक्षा भाडं बरं. आणि पूर्ण घराचं भाडं मागच्या खोलीच्या भाड्यापेक्षा किती जास्त, ते त्यांनी स्वतःच बोलून दाखवलं. तेव्हा गोरक्षने रडवेल्या आवाजात विचारलं की आम्ही सगळे आलो तर झोपायचं कुठे?

नवसाबाईंनी खोलीभर नजर फिरवली. "झोपाळ्याखाली जागा हाय की," त्या म्हणाल्या. "जरा सरकून झोपावं लागंल."

मला हसू आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही आवरेना. मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले, तर तिथे चांगुणा आधीच उभी होती.

भाडं येऊ लागलं. बाईंचे भिशीचे हप्ते कधी चुकले नाहीत, पाटल्याही सुटल्या. दुपारी आपापली कामं आटोपली की आम्ही सगळ्या तिथे जमायचो. आक्काबाई ओट्याशी, चांगुणा खिडकीशी, झोपाळ्यावर मी, आणि लंकाबाई आत आल्या की आधी कडी लावायच्या आणि नुसत्या भिंतीला टेकून बसायच्या. कुणी कुणाला सरका म्हणत नसे, आणि सरकायला जागाही नव्हती.

गोरक्ष सुट्टीला येतो. जन्मात ज्याने आईचं दार वाजवलं नाही, तो बैलाच्या दारासमोर पिशवी घेऊन उभा राहतो आणि कडी काढायची वाट बघतो. नवसाबाईंना त्याची चाहूल गल्लीच्या तोंडापासून ओळखू येते. तरी त्या झोपाळ्यावरून घाईने उठत नाहीत. आतून आरामात विचारतात, कोण हाय?