पातळ फोड

आमच्या घरमालकीण काकू नसत्या तर हे लिहायला मी आज सोलापुरात नसते, आणि आमचे हे बहुधा कुठंच नसते. काय झालं ते सांगतेच, पण आधी काकूंचं सांगायला हवं. शुक्रवार पेठेतल्या आमच्या बोळात त्यांना नावानं कुणी ओळखत नाही. फळवाल्या काकू म्हटलं की शेंबडं पोरसुद्धा बोट दाखवतं. त्यांचं फळांचं दुकान नाही, गाडा नाही, शेतात एक झाड नाही. पण देवानं फळ अर्धवट करून सोडलं आणि उरलेलं काम आपल्या एकटीवर टाकलं, अशी त्यांची पक्की समजूत आहे. अख्ख्या जिल्ह्यात ही समजूत असलेलं दुसरं माणूस सापडायचं नाही. "झाडानं पिकवलं, त्येचं काम संपलं," त्या म्हणतात. "आता कापायचं कुणी? झाडानंच व्हय?"

अख्खं फळ कुणाच्या हातात ठेवणं म्हणजे त्यांच्या लेखी पाहुण्याच्या हातात झाडू देणं. केळंसुद्धा सोलून, तिरक्या चकत्या करून ताटलीत येतं, आणि तेही पाहुणा टेकल्यावर कापायचं, आधी कापलं तर काळं पडतं. सफरचंदाच्या फोडी मिठाच्या पाण्यातून काढायच्या. पपईला आधी सुरीच्या टोकानं चिरा देऊन चीक जाऊ द्यायचा. डाळिंबाची वरची टोपी उडवायची, आतल्या पडद्यांच्या रेषेवर चिरा द्यायच्या, आणि ते फुलासारखं उकलायचं. त्यात एखादा दाणा फुटलाच तर काकू "च्च" करून डोळे मिटतात, जणू कुणा लेकराचा पाय तुडवला. मोडनिंबची बोरं आली की त्यांचा दिवस त्यातच जातो. प्रत्येक बोराला उभी चीर, बी बाहेर, चिमूटभर मीठ आत, आणि बोर पुन्हा मिटवून ताटलीत. विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसानं असं एक बोर तोंडात टाकलं आणि सवयीनं बी शोधत ते गालात फिरवत बसला. बी काही सापडेना. घाबरून म्हणाला, "काकू, बी गिळली वाटतं मी." काकू म्हणाल्या, "गिळाया असती तर गिळली असतीस की."

फळांची त्यांची सुरी वेगळी. लाकडी मुठीची, घासून घासून निम्मी झालेली. शेजारणीनं एकदा ती मागून नेली आणि तिनं हिरवी मिरची चिरली. काकूंनी सुरी चिंचेनं घासली, राखेनं घासली, गच्चीवर उन्हात ठेवली, आणि मिरचीचा वास जाईपर्यंत शेजारणीशी बोलल्या नाहीत. फळ दिल्यावर त्या आत जात नाहीत. कमरेवर हात ठेवून समोर उभ्या राहतात आणि पहिली फोड तुमच्या घशाखाली उतरताना बघतात. नुसतं "गोड आहे" म्हटलेलं त्यांना चालत नाही. "गोड तर झाड करतंय. कापलंय कसं ते सांगा की!"

पण सगळ्या बोळाला धाक आहे तो त्यांच्या फोडीच्या जाडीचा. काकूंना तोंडावर वाईट बोलता येत नाही. ते काम त्या सुरीवर सोपवतात. फोड जाड आली की समजायचं, बसा, जेवूनच जा. मध्यम आली की चहा घ्या आणि कामाला लागा. आणि पातळ, आरपार उजेड दिसणारी फोड आली की उठायचं. एकदा काकांच्या भावकीतले कोणी आले होते. काका गेल्यावर एवढं घर एकटीनं कशाला सांभाळायचं, विकून टाका, आमच्याकडं राहायला या, असं सांगत होते. काकू हूं हूं करत ऐकत होत्या, हात चालूच. ताटली पुढं आली तर सफरचंदाखालून ताटलीवरचं नक्षीचं फूल पाकळ्यांसकट दिसत होतं. पाहुण्यांनी ताटलीकडं बघितलं, टोपी घेतली आणि चपला शोधल्या.

आम्ही त्यांच्याकडं आलो तो दिवस मला आठवतो. आमचं गाव गोंदियाकडचं, जंगलाला लागून. शाळा नदीपलीकडं होती आणि मी आठवीतच सोडली. लग्न झालं, आणि यांना टॉवेलच्या कारखान्यात बॉयलरवर काम लागलं म्हणून इथं आलो. मी घरी बसून मशीनवर टॉवेलांच्या कडा शिवते. इथली भाषा कानाला टोचायची, भाकरी हातावर यायची नाही, आणि मी मुळात भित्री. दाराची कडी वाजली तरी आधी माझं काय चुकलं ते आठवायला लागते. त्या दिवशी काकूंनी मागची खोली दाखवली आणि पेरू आणला, तिखटमीठ लावलेला. एका पेरूच्या चारच फोडी होत्या. एवढी जाड फोड की धरायला दोन हात लागावेत. फोडींचा तो कायदा मला तेव्हा ठाऊक नव्हता. पण ती फोड खाताना या गावात पहिल्यांदा बूड टेकल्यासारखं वाटलं. पुढं शेजारणीनं कायदा समजावून सांगितला, तेव्हापासून मी काकूंच्या ताटलीत आधी फोडीची जाडी बघायला शिकले.

म्हणूनच त्या दुपारी माझ्या पायाखालची जमीन सरकली. काकूंनी ताटली आणून दिली, "तुझ्या मालकासाठी गं," म्हणाल्या आणि वळल्या. आत पपई होती. पपईची एकेक फोड इतकी पातळ की उचलली तर बोट दिसावं. काय चुकलं असेल? माझ्या मशीनचा आवाज? जिन्याच्या कोपऱ्यात कुणी थुंकलं होतं, ते यांचं काम वाटलं असेल? यांच्या तंबाखू-सुपारीला आमच्याकडं खर्रा म्हणतात, इथं मावा म्हणतात, पण पिचकारी तीच. आता या गावात आम्हाला कोण खोली देणार? मी ट्रंक ओढली आणि कपडे भरायला लागले. डोळ्यांतलं पाणी पडतंय ते त्याच कपड्यांवर.

काकू रिकामी ताटली न्यायला आल्या तर हा पसारा. "कुटं निगालीस?"

"तुम्हीच सांगितलं ना काकू. फोडीवरून."

काकू खाली बसल्या, माझ्या हातातलं लुगडं काढून घेतलं आणि म्हणाल्या, "येडे, ती फोड घालवायची न्हाय. ती त्येच्या तोंडात जायाची हाय. माझा पेरू त्यो खिशात घालतोय, बोळातल्या शेळीला देतोय. म्या बघितलंय की. पोरी, तुझ्या नवऱ्याचं तोंड उघडत न्हाय."

मला ठाऊक नव्हतं. आमच्याकडं भातच खातात, त्यामुळं हे रोज भात वरणात कालवून, मुरगाळून गिळतात यात मला काही वेगळं दिसलं नव्हतं. विचारलं की म्हणायचे, "काई नाही झालं मले, दाढ दुखून राह्यली." सगळ्या बोळात ते एकाच बाईला दिसलं, कारण खाणाऱ्याच्या तोंडाकडं एवढं टक लावून दुसरं कुणी बघतच नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी यांना स्वतःची बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगितली. चांगल्या माणसाची तीन मावतात म्हणे. यांचं एक मावलं, तेही कसंबसं. गालाच्या आतला तुकडा तपासायला गेला, आणि जे यायला नको होतं तेच आलं. ऑपरेशन झालं. त्या वॉर्डातही काकूंचं आपलं चालूच. भेटायला येणारा प्रत्येक माणूस सफरचंदांची पिशवी आणतो, तशी कारखान्यातल्या लोकांनी आणली. काकूंनी त्यांना दारातच धरलं. "ज्येचं तोंड शिवलंय त्येला अख्खं सफरचंद? आन् कापायचं कुणी, त्यानंच उठून?" बिचारे पिशवी घेऊन परत जायला निघाले. मग काकूंनी पिशवी तेवढी ठेवून घेतली आणि माणसं परत पाठवली. सिस्टर म्हणाल्या, "आजी, वॉर्डात सुरी चालत नाही." काकू म्हणाल्या, "मग मी तरी हितं काय चालणार?" दुसऱ्या दिवसापासून घरून कापून, ओल्या पंच्यात गुंडाळलेला डबा यायला लागला.

पण ऑपरेशननंतर नाकातली जेवणाची नळी काढली तरी हे खाईनात. घरी आणलं तरी खाईनात. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, पुढं मशीनवर किरणांचे शेक द्यायचे आहेत, आणि वजन असंच उतरत राहिलं तर शेक सोसायचे नाहीत. शेक नाहीत म्हणजे काय, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. मी सगळं मिक्सरमधून काढून वाटीत द्यायची. वाटी बघून हे भिंतीकडं तोंड करायचे. एका बाजूनं ओघळ यायचा, पुसेपर्यंत शर्टावर जायचा, आणि एवढा आडदांड बॉयलरवाला माणूस लेकरासारखा हमसायचा. "मले नको," एवढं एकच कळायचं, बाकीचे शब्द गालातच राहायचे. मी हात जोडले, रागावले, आईला फोन लावून तिला यांच्याशी बोलायला लावलं. काही नाही. अंगावरचा शर्ट रोज आणखी सैल दिसायचा, आणि मी तो पिन लावून आवळायची, म्हणजे मला दिसू नये.

काकू आल्या. वाटीत बोट बुडवून बघितलं आणि वाटी बाजूला सारली. "त्यो काय तान्हं बाळ हाय व्हय? माणसाला काय खातोय ते दिसाय पायजे." मग त्या विळी, सुरी घेऊन बसल्या. पिकलेल्या पपईच्या, कागदासारख्या, बोटभर रुंदीच्या पट्ट्या. केळ्याच्या गोल चकत्या नाहीत, उभ्या काड्या, म्हणजे फटीतून सरकतील. चिकूचा नुसता गर, सालीजवळचा रवाळ भाग खरवडून टाकलेला. सीताफळाची एकेक पाकळी दोन बोटांत धरून बी अलगद बाहेर, आणि पाकळीचा आकार तसाच. डाळिंब नाही, आंबट काही नाही, ते झोंबतं. सगळं ताटलीत मांडलं, जावयासमोर मांडतात तसं. ताटली यांच्यासमोर ठेवली. मी शेजारी उभी, वाटलं, आता काकू कमरेवर हात ठेवून बघत राहणार आणि हे आणखी मिटून घेणार.

काकूंनी पाठ फिरवली. खाटेकडं पाठ करून जमिनीवर बसल्या, मलाही हाताला धरून बसवलं, आणि भिंतीकडं बघत महागड्या टरबुजांवर आणि उजनीच्या केळ्यांवर बोलत राहिल्या. ती केळी कशी दिसायला देखणी आणि कापायला चिवट, आणि त्यांच्या लहानपणी केळं कसं नुसतं सुरी दाखवली तरी लाजून दुमडायचं. त्यांचं तोंड थांबत नव्हतं. बऱ्याच वेळानं मागं ताटली सरकल्याचा आवाज आला. मी वळणार, तर काकूंनी माझा गुडघा दाबला. "कापलंय कसं?" त्यांनी भिंतीलाच विचारलं.

मागून शब्द आला, लाळेत भिजलेला, पण आला. "बेस."

तेव्हापासून शेक संपेपर्यंत काकूंची ताटली चुकली नाही. शेकानं तोंड आतून सोलून निघालं तेव्हा तीच पपई थंड करून, आणखी पातळ करून यायची. काही दिवस दोनच पट्ट्या जायच्या, काही दिवस एकही नाही. काकू कधी "खा" म्हणाल्या नाहीत. पाठ करून बसायच्या एवढंच. वजन वाढलं नाही, पण टिकलं. सगळे शेक झाले.

आता हे कारखान्याच्या गेटवर बसतात. बॉयलरची धग डॉक्टरांनी बंद केली. तोंड दीड बोट उघडतं. बोललेलं मला कळतं, इतरांना दोनदा सांगावं लागतं, म्हणून हे कमी बोलतात. पुन्हापुन्हा तपासणीला जावं लागतं, आणि तारीख जवळ आली की आमच्या खोलीत कुणी कुणाकडं बघत नाही. डॉक्टर "बघू" म्हणतात. मला पूर्वी वाटायचं, शिकलेल्या माणसांकडं यापेक्षा मोठे शब्द असतात.

परवा मी काकूंच्या स्वयंपाकघरात गेले. त्या मोरीपाशी उभ्या राहून पपईची साल दातांनी खरवडत होत्या. एवढ्या दिवसांत मी त्यांना ताटली घेऊन बसलेलं कधी बघितलंच नाही, हे तेव्हा ध्यानात आलं. कडेचा भाग, बियांभोवतीचा गर, फुटलेले दाणे, तेवढंच त्यांच्या वाट्याला, तेही उभ्यानं. मी म्हटलं, "काकू, बसून खा की." तर म्हणाल्या, "बसल्यावर कापणार कोण?" "तुम्हाला कुणी कापून दिलं का कधी?" त्यांनी सुरी धुतली, पदराला पुसली, पुन्हा धुतली. "न्हाय बघ," म्हणाल्या. "कुणी इचारलंच न्हाय. तूच पयली."

आमच्या गावाकडं उन्हाळ्यात जंगलात टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, पिकतात. त्याला सुरी लागत नाही. दोन बोटांनी दाबलं की उकलतं, आत पिवळा, चिकट, मधासारखा गर. ते कापता येत नाही, मांडता येत नाही, मिठाच्या पाण्यातून काढता येत नाही. यंदा जमणार नाही, पुढच्या वर्षीचंही आज सांगता येत नाही. पण डॉक्टर कधीतरी "आता वर्षानं या" म्हणतीलच, त्या उन्हाळ्यात मी काकूंना गाडीनं गोंदियाला नेईन. आईच्या अंगणात चटई टाकून त्यांना बसवीन, टेंभरं उकलून एकेक त्यांच्या हातात देईन, आणि पोट भरेपर्यंत उठू देणार नाही. काकू, तुमच्या उपकाराला हे पुरायचं नाही, मला कळतं. तरी एवढं मी नक्की करीन.