बाबली मेस्त्रींनी शिवलेला खिळा

बाबली मेस्त्री होडी बांधत नसत, शिवत. फळ्यांच्या कडांना भोकं पाडायची, काथ्याची दोरी ओवायची आणि पायाचा रेटा देऊन टाका आवळायचा. लाट आपटली तर अशी होडी अंग चोरते, फुटत नाही. तीस वर्षांत त्यांनी एकाही होडीत खिळा ठोकला नव्हता, आणि हे ते कुणी विचारण्याआधीच सांगत.

छप्पन्न साली मालवणच्या किनाऱ्यावर होड्यांची नोंदणी करायला एक साहेब आले. डोक्यावर हॅट, काखेत रजिस्टर. दशावतारात राजासुद्धा इतक्या थाटात प्रवेश करत नाही! नारळी पौर्णिमा चार दिवसांवर होती आणि नोंद नसलेली होडी पाण्यात लोटायची नाही, असा हुकूम. सत्यवान तांडेलासाठी बाबलींनी शिवलेली नवी होडी वाळूवर तयार होती.

“खिळे किती?” साहेबांनी विचारलं.

बाबलींनी ठेवणीतली मराठी काढली. “एकही नाही, साहेब. शिवलेली आहे.”

“शून्य चालत नाही. शून्य म्हणजे रकाना रिकामा. निदान एक तरी खिळा हवाच. उद्या येतो.”

साहेब गेले तसा सत्यवान काकुळतीला आला. “मेस्त्रीनू, एकच मारा. कोण बघता?”

“मी बघतंय!” बाबली गरजले. “लाटेत व्हडी वाकतली, खिळो वाकूचो नाय. थंयच फळी फुटतली. मगे माझा नाव काढून रडतलस!”

दुपारी भाकरी वाढताना सुभद्राने नवऱ्याला सुनावलं, “रव्हा असेच ताठ. व्हडी ऱ्हवतली वाळवेर आणि तुमचो मान जातलो दर्यात.”

बाबली अर्ध्या भाकरीवरून उठले आणि थेट किनाऱ्यावर गेले.

दुसऱ्या दिवशी साहेब आले, तर होडीच्या आतल्या अंगाला खरोखरच एक चकचकीत खिळा होता. ठोकलेला मात्र नव्हता. काथ्याच्या सहा टाक्यांनी आडवा शिवलेला होता! सत्यवानाने डोळे मिटून घेतले. साहेबांनी वाकून खिळा हिसडून पाहिला, मग दोन्ही हातांनी ओढून पाहिला. तो तसूभर हलला नाही.

“पक्का बसलाय,” साहेब समाधानाने म्हणाले आणि रकान्यात ‘एक’ लिहिलं.

त्यांची पाठ वळते न वळते तोच बाकीचे होडीवाले बाबलींभोवती जमले. प्रत्येकाच्या मुठीत एकेक खिळा.

“मेस्त्रीनू, माझोय शिवून दिया!”