सेव्ह दाबल्यावर उघडलेलं पान

मंडळी, आज ऑफिसात माझी चांगलीच फजिती झाली.

आमच्या जावा वेबसाइटवर कुठलं बटण दाबल्यावर कुठलं पान उघडायचं, ते नियम मी लिहितो. तपासण्यापुरतं 'सेव्ह' बटणाला मी एक कच्चं पान जोडून ठेवलं होतं. त्यावर इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, 'जेवलास का?' टीममध्ये मराठी कुणालाच येत नाही, म्हणून बिनधास्त.

नियम बदलायचा राहून गेला. आज क्लायंटसमोर 'सेव्ह' दाबलं आणि तेच पान उघडलं.

"ये क्या लिखे जी?" मॅनेजरांनी विचारलं.

"कुछ नहीं सर, टेस्टिंग का है," म्हणालो आणि ते पान काढून टाकलं.

कुकटपल्लीच्या मेसमध्ये एकटाच जेवलो, आता सायबर कॅफेतून लिहितोय. हैदराबादेत आल्यापासून मला रोज तेवढं विचारणारं ते एकच पान होतं.

तुम्ही सगळे जेवलात ना?