दोन वितींवरचं बेट

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या विहिरीला दोन घरांपुरतं पाणी उरलं नव्हतं. एक घर माझं, दुसरं थोरल्या भावाचं. दादा फौजेतून सुटून आला होता. सुटलेल्या फौजींना सरकार ग्रेट निकोबारवर जमीन देत होतं. देशाचं अगदी दक्षिणेचं टोक त्या बेटावर आहे. दादाला जायचं होतं, पण माय सोडत नव्हती.

मी गावच्या शाळेत गुरुजी होतो. वर्गाच्या भिंतीवर देशाचा नकाशा मीच रंगवला होता. पूर्वेच्या समुद्रात खिडकी आडवी आली, म्हणून बेटं मी किनाऱ्याजवळ ओढून काढली. तपासायला आलेल्या साहेबांच्याही ते लक्षात आलं नाही.

एका दुपारी माय दादाला घेऊन शाळेत आली. "कुठं हाय ते, दाव," म्हणाली. मी बोट ठेवलं. तिनं आधी लोहा विचारलं, कारण मावशी तिथं दिली होती. आमच्या लातूरपासून लोहा तीन बोटं भरलं. मग तिनं विती टाकल्या.

"दोनच विती? म्या म्हणलं लईच लांब आसंल."

खरं अंतर सहा वितींचं होतं, त्यातल्या चार नुसत्या पाण्याच्या. हे मी सांगायला हवं होतं. मी खडूचे हात झटकत राहिलो. दादा गेला तर विहीर माझ्या लेकरांना पुरणार होती.

मायचा तळवा बेटावर टेकलेला होता. "हितं गार लागतंय रे," ती म्हणाली.

त्या भिंतीच्या बाहेरच्या अंगाला उन्हाचा जाळ होता. मी हात लावला. बेटाएवढी जागा गार होती आणि माझा तळवा ओला झाला. तो घाम होता, असं मी पुढं कित्येक वर्षं स्वतःला सांगितलं.

"पानी हाय म्हणं तिथं," माय म्हणाली. "जाऊ दे त्याला."

दादा बायकोला घेऊन गेला. पुढं उस्मानाबादेतून लातूर जिल्हा वेगळा झाला. दादाची पत्रं मात्र जुन्याच पत्त्यावर, उस्मानाबादला फिरून यायची. नवा जिल्हा मी त्याला फार उशिरा कळवला. एवढ्या जवळ असलेला मुलगा भेटायला का येत नाही, हे मायला मरेपर्यंत कळलं नाही.

मग त्सुनामी आली. दक्षिणेचं ते टोक काही फूट खाली बसलं आणि तिथल्या दीपगृहाच्या पायाशी समुद्र आला. नवव्या दिवशी दादाचा फोन आला. आवाज त्याचाच होता, पण प्रत्येक शब्द माझ्यापर्यंत उशिरा पोचत होता. त्यानं काही सांगायच्या आतच मी नकाशाचं सगळं कबूल केलं.

"ठाऊक हाय," तो म्हणाला. "फौजेतल्या माणसाला नकाशा कळत न्हाई व्हय?"

"मग तवाच बोलला का न्हाईस?"

"तू बोलतोस का, ते बघत हुतो."

मी म्हणालो, "दादा, घरी ये. वहिनीला घेऊन ये."

तो म्हणाला, "तीच सापडंना. रोज पानी वसरलं की किनाऱ्यानं बघून येतो. ती सापडल्याबिगर म्या हलत न्हाई."