म्होरक्याचा पट्टा

रोडोपीच्या डोंगरातल्या वेल्को फोटोग्राफरला उद्याच्या लग्नाची धास्ती होती. बापाच्या जड, जुन्या कॅमेऱ्याचा पट्टा तुटायला आला होता आणि नवा मान कापत होता. शेवटी त्याची नजर बायकोच्या म्होरक्या मेंढ्यावर गेली. त्याच्या गळ्यातला घंटेचा पट्टा कसा रुंद, मऊ, दणकट!

“डोन्का, देतेस?”

“घे की. पण घंटा काढायची नाही.”

“अगं, लोक हसतील!”

“हसू देत. एरवी फोटोत मयताला आल्यासारखे उभे असतात. शिवाय तू कुठल्या गुत्त्यात शिरलास, तेही कळेल.”

लग्नात घंटा वाजली की नवरीसुद्धा खदखदून हसे. फोटो झकास निघाले, मानही शाबूत राहिली. संध्याकाळी मात्र गुत्त्याच्या दारात वेल्को घंटेत रुमाल कोंबत असतानाच घंटेमागून चालणारा अख्खा कळप तिथे येऊन थांबला. कळपामागे डोन्का होतीच.