वीस पोरांचे बारा क्लब

विद्यापीठात मी अकरा महिन्यांच्या नेमणुकीच्या ऑर्डरवर शिकवते. ऑर्डर संपली की पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत, पुन्हा तेच साहेब. अशा माणसाला नाही म्हणायची सोय नसते. म्हणून विद्यार्थ्यांचे क्लब माझ्या गळ्यात पडले.

तेव्हा खरा क्लब एकच होता, नाटकाचा. वर्ग सुटले की काटोल-उमरेडकडची पोरं बसस्टँडकडे पळतात. मागे उरतात ती होस्टेलची आणि काही नाटकवेडी, मिळून वीसेक. पण विद्यापीठाची तपासणी करायला समिती येणार होती, आणि साहेबांना, म्हणजे विद्यार्थी विभागाच्या प्रमुखांना, बारा क्लब हवे होते. मी काय पोरं पेरून उगवून आणणार होते? त्याच वीस जणांना पर्यावरणात घातलं, फोटोग्राफीत घातलं, आकाशदर्शनात घातलं. बिल्ला दर क्लबचा वेगळा, पोरं तीच. साहेब खूश.

नाटकातली मुख्य पोरगी उमरेडची. तालमीसाठी थांबायची आणि मग उशिराच्या बसनं घरी जायची. एकांकिकेत ती एसटीतली कंडक्टरबाई व्हायची. रोजच्या येण्याजाण्यात पाहून पाहून तिनं ती बाई अशी उचलली होती, की तालमीत आम्ही हसून बेजार. वर्ध्याला विद्यापीठांची स्पर्धा होती, रात्रीचा मुक्काम होता. तिच्या बाबांना मनवता मनवता तिच्या आईच्या नाकी नऊ आले, पण शेवटी ते हो म्हणाले. तिचं हे शेवटचं वर्ष. परीक्षा झाली की लग्न, हे घरी ठरलेलंच होतं.

"मॅडम, एक डाव मोठ्या स्टेजवर उभी राहू द्या मले," ती म्हणायची. "मंग काहीच नाही मागत."

आणि समितीची तारीख आली ती नेमकी स्पर्धेच्याच दिवसाची.

मी साहेबांकडे गेले. एकदा नाही, दोनदा. दोन्ही वेळा त्यांनी चहा मागवला. "एकच दिवस तर आहे न मॅडम. हे पोरं वर्ध्याले गेले तर बारा खोल्यांत समितीले काय टेबल-खुर्च्या दाखवू?" मग अगदी मायेनं म्हणाले, "तुमची ऑर्डरही याच महिन्यात संपून राहिली न?"

राग असा आला की तो कप बशीवर आपटावा. पण नंदनवन वस्तीतलं आमचं भाड्याचं घर माझ्या एकटीच्या पगारावर चालतं. मी चहा प्यायले आणि उठले.

वर्ध्याला जायचं नाही, असं पोरांना सांगितलं. बाकीची कुरकुरली, एक-दोघं चिडून निघून गेली आणि तासाभरानं परत आली. उमरेडच्या पोरीनं ओंजळ पुढे करून आपल्या वाट्याचे बिल्ले घेतले.

तपासणीच्या दिवशी समिती पुढच्या जिन्यानं आणि आमची पोरं मागच्या जिन्यानं. समिती फोटोग्राफीतून निघाली की ही पोरं धापा टाकत पुढच्या खोलीत, बिल्ला बदलून, जणू सकाळपासून तिथंच बसलेली. नाटकाच्या खोलीत समितीतले एक वयस्कर सर खुर्चीवर टेकले आणि म्हणाले, "काहीतरी करून दाखवा की."

तिनं कंडक्टरबाई केली. गर्दीतून वाट काढणारी, सुट्ट्या पैशांवरून भांडणारी, भांडता भांडता कुणाच्या तरी लेकराला मांडीवर घेणारी. समिती खळखळून हसली. ते सर डोळे पुसत साहेबांना म्हणाले, "अहो, या मुलीला स्पर्धेला पाठवत जा."

"पाठवतो ना सर," साहेब म्हणाले.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. तेवढ्यात तिच्या मैत्रिणीनं तिचा हात ओढला, कारण आकाशदर्शनाची खोली वरच्या मजल्यावर होती आणि तिथं त्यांना समितीच्या आधी पोचायचं होतं.

संध्याकाळी समिती गेल्यावर मी तिच्यासोबत बसस्टँडवर गेले. सोबत करायचं कारण काही नव्हतं, एकटीनं घरी जाणं जिवावर आलं होतं इतकंच.

बसची वाट बघताना ती म्हणाली, "बरं झालं मॅडम. आता तुम्ही पर्मनंट होसान."

टोमणा नव्हता तो. तिला खरंच तसं वाटत होतं. माझ्यासाठी झालं हे, असं समजून ती दिवसभर त्या जिन्यावर पळाली होती.

"नाही वं," मी म्हटलं. "पुन्हा अकरा महिन्यांचीच ऑर्डर भेटंल."

ती माझ्याकडे वळली.

"मंग काहून थांबवलं आमाले?"

उमरेडची बस लागली होती. माझ्या उत्तरासाठी ती थोडी थांबली, मग आत जाऊन बसली.