दारं बसवणारा माणूस

कारखान्याच्या फाटकाला कुलूप लागलं तेव्हा वडील पहिल्या पाळीच्या रांगेत उभे होते. नऊच्या सुमारास ते घरी आले. आईनं त्यांचा डबा उघडून आम्हाला वाढला. त्या वर्षाच्या अखेरीस आम्ही मुंबईची खोली सोडून पिंपळवंडीजवळच्या आमच्या गावी आलो.

वडील मोटारींची दारं बसवत. साच्यातून निघालेलं दार चौकटीत कधीच नेमकं बसत नसे. मग फटीत लाकडी ठोकळा धरायचा, दाराला गुडघा लावायचा आणि हातानं ओढून ते वाकवायचं. किती वाकवायचं हे कागदावर कुठं लिहिलेलं नव्हतं. वडिलांच्या उजव्या गुडघ्याला ते माहीत होतं. त्या गुडघ्यानं पुढे त्यांना मांडी घालू दिली नाही.

मुंबईत रस्त्यानं जाताना ते त्यांच्याच कारखान्यात बनलेल्या उभ्या टॅक्सीच्या दाराच्या फटीवरून बोट फिरवत. टॅक्सीवाले ओरडत. ते मला सांगत, "दार आपटायचं न्हाई. सोडून द्यायचं. चांगलं बसवलेलं दार आपलं आपण लागतं." लोक त्या कारखान्याच्या गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून थांबत, गाडी आली की पेढे वाटत, स्टुडिओवाल्याला बोलावून तिच्यासोबत फोटो काढत. हे सांगताना ते 'आमची गाडी' म्हणत. गावात माझ्या आजोबांना जातीनं हाक मारत. कारखान्यात वडिलांना 'दारवाले' म्हणत. आजोबांनी धर्म बदलला तेव्हा जे मिळालं नव्हतं, ते वडिलांना त्या नावात मिळालं असावं.

गावी थोडी शेती होती. वडील शेतात कमी आणि नारायणगावच्या स्टँडवर जास्त असत. तिथले जीपवाले त्यांची वाट बघत.

"काय दारवाले, आमच्या जीपचं दार बसवता का?"

"दार हाये का तुझ्या जीपला?"

"तेच म्हन्तोय राव. न्हाईच, तर बसवा की एक!"

सगळे हसत. वडीलही हसत. जुन्नरच्या एका डॉक्टरांकडे 'आमची गाडी' अजून होती. तिचं दार खाली उतरून नीट लागेनासं झालं की त्यांचा कंपाउंडर बोलावायला येई, आणि वडील इस्त्रीचा शर्ट घालून जात.

मी तोवर इंग्रजी घेऊन बीए झालो होतो. गाड्यांबद्दल मिळेल ते वाचत होतो.

मग चाकणला मोटारींचे नवे कारखाने आले. वडील पन्नाशी ओलांडून गेले होते. एके सकाळी म्हणाले, "दारं तर तिथंबी लागतीलच की." मी सोबत गेलो. त्यांनी ठोकळा फडक्यात बांधून घेतला होता. तरुण साहेबासमोर त्यांनी तो टेबलावर ठेवला, उभे राहिले आणि हवेतल्या दाराला गुडघा लावून दाखवला. साहेब शेजारच्या माणसाशी इंग्रजीत काहीतरी बोलला. दोघं हसले. मग तो मराठीत म्हणाला, "काका, कळवतो आम्ही."

परतीच्या एसटीत वडिलांनी विचारलं, "शेजारच्याला काय म्हनला रं तो?"

मला 'काही नाही' म्हणता आलं असतं.

"म्हणाला, ज्या कारखान्यात दारं गुडघ्यानं बसवावी लागतात, तो बंद पडला ते बरंच झालं."

मी एक शब्द गाळला नाही. उलट पुढे आणखी सांगितलं. साचे झिजले होते आणि मालक ते बदलत नव्हते, म्हणून तुमचा गुडघा लागत होता. लोक थांबत होते, कारण बाजारात दुसरी गाडीच नव्हती. परीक्षेत उत्तर लिहावं तसं मी मुद्द्यामागून मुद्दा सांगत गेलो.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुला कवापासून म्हाईत व्हतं?"

"कॉलेजात गेल्यापासून."

"मंग इतकी वर्सं ऐकत का बसलास?"

मंचरला गर्दी चढली. त्यांनी एका बाईला जागा दिली आणि नारायणगावपर्यंत एका पायावर भार टाकून उभे राहिले. मी बसून होतो. माझ्या जागेवर बसा, असं मी म्हणालो नाही. ते बसले नसते, हे मी नंतर स्वतःला सांगत आलो.

डॉक्टरांचा कंपाउंडर पुन्हा आला तेव्हा वडील म्हणाले, "गॅरेजला न्या." स्टँडवर जाणं त्यांनी थांबवलं. जीपवाल्यांनी थोडे दिवस विचारलं. पाच-सहा वर्षांनी वडील गेले. तोवर आमचं बोलणं होत होतं, पण ते पाण्याच्या पाळीचं, वीजबिलाचं, आईच्या औषधाचं. मोटारीबद्दल ते पुन्हा एक अक्षर बोलले नाहीत.

आता आईही नाही. घरात मी एकटा असतो. तालुक्यातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवतो. गाडीच्या गोष्टी सांगताना वडील मला आवडत, म्हणून ऐकत बसलो, हे त्या एसटीत सांगता आलं असतं.